भरतीची फरशी

१

सोमवारी सकाळी कारखान्यात आधी चहा व्हायचा आणि मग कौतुक. कारखाना म्हणायची आपली पद्धत. घराच्या मागच्या अंगाला तीन खोल्या होत्या आणि तिन्हींत पांढरी धूळ. पुढच्या खोलीत धाकटा भाऊ संगणकापुढे बसून मागण्या घ्यायचा आणि खोकी भरायचा. मधल्या खोलीत थोरल्याची बायको खेळाच्या फरशा कोरायची, रंगवायची आणि नकाशे काढायची. मागच्या खोलीत तिचा नवरा रबराचे साचे करून त्यांत प्लास्टर ओतायचा, आणि त्याच्या हाताखाली असायची धाकटी जाऊ.

फरशा म्हणजे घरात बसवायच्या नव्हेत. टेबलाभोवती जमून, फासे टाकत गोष्ट रचायचा एक खेळ असतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीच्यांत कुणी चोर होतो, कुणी सरदार, कुणी जादूगार, आणि बोटाएवढे पुतळे पुढे सरकवत जातात. ते पुतळे ज्यावर चालतात ती जमीन हे घर विकायचं: तळघरं, गल्ल्या, पूल, दलदल, सगळं तळहाताएवढ्या फरशांत. मोठी माणसं कामधंदा सोडून असलं काही खेळतात यावर थोरलीच्या सासूचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

गिऱ्हाइकं खेळून झालं की अभिप्राय लिहायची. दीर ते सोमवारी मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि कित्येक वर्षं ते अभिप्राय म्हणजे निव्वळ थोरलीचं गुणगान असायचं. 'पायऱ्या मधोमध झिजलेल्या दाखवल्यात, वा!' 'कुलूप गंजलंय पण बिजागरीला तेल आहे, एवढ्यावरून आमच्या चोरानं ओळखलं की आत कुणीतरी जातं-येतं.' असलं काही कानावर आलं की थोरली कपात बघायची आणि म्हणायची, "पुरे हो भाऊजी." पुरे तिला कधीच झालेलं नसायचं.

त्या सोमवारी दिरानं एक अभिप्राय उघडला आणि त्याला हसू आलं.

"ऐका. 'संच उत्तम. नकाशाही सुबक. पण आम्हाला सगळ्यात आवडली ती कोरी फरशी. ती कुणी केली?'"

"कोरी कुठली?" नवऱ्यानं विचारलं.

"अरे दादा, भरतीची!"

मग सगळेच हसले. थोरलीही हसली, फक्त तिचं हसू जरा लवकर संपलं.

२

भरतीची फरशी म्हणजे खरं तर कचरा. संच खोक्यात बसवला की एक कप्पा रिकामा राहायचा, आणि त्या रिकाम्या कप्प्यामुळे वाटेत सगळा माल खुळखुळायचा. म्हणून तिथं एक सपाट तुकडा टाकायचा, ना नक्षी ना रंग. संध्याकाळी बादलीच्या तळाशी उरलेलं प्लास्टर फेकण्याऐवजी एका सपाट साच्यात ओतलं की झाली भरती. हे काम घरात सगळ्यात शेवटी आलेल्या माणसाच्या वाट्याला, म्हणजे धाकटीच्या. साचा जुना होता, तळाशी फुगलेला. टेबलावर ठेवला की प्लास्टर एका अंगाला जायचं. म्हणून धाकटी तो मांडीवर घ्यायची, दोन्ही हातांनी पातळीत धरायची आणि आतलं थिजेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायची. दुसरं करणार काय? हात गुंतलेले.

ही धाकटी घरात आली त्या दिवशी मोठ्या सुनेची थोरली झाली. तोवर ती नुसती सून होती, एकुलती एक. न मागता मिळालेली बढती कुणाला गोड लागते? तरी आपण तिला सांभाळून घेतलं असं थोरलीचं म्हणणं होतं. सांभाळून घेतलं म्हणजे ब्रश तिच्या हाती लागू दिला नाही.

"नव्याचे नऊ दिवस," कोऱ्या फरशीच्या कौतुकावर थोरली म्हणाली. पण पुढच्या सोमवारी तसलेच आणखी आले, त्याच्या पुढच्या सोमवारी त्याहून जास्त. 'आमची मंडळी कोऱ्या फरशीपर्यंत आली की पुढे जायला तयारच होत नाहीत.' 'तिच्यावर पुतळे ठेवतो आणि गप्प बसून राहतो. खेळताना इतकी शांतता कधी अनुभवली नव्हती.' एकानं त्या फरशीचं नाव विचारलं. दीर जात्याच वाह्यात. त्यानं उत्तर धाडलं, 'तिचं नाव भरती.'

त्यावर गिऱ्हाइकाचं लगेच आलं. 'नाव अगदी बरोबर दिलंत. आमच्याकडे अजून एक जागा रिकामी आहे.'

"घ्या! त्यांना वाटलं फौजेसारखी भरती," दीर म्हणाला. "भारी खेळकर लोक आहेत."

नवरा हसता हसता मान वळवून म्हणाला, "धाकटे, तुझ्या हाताला काहीतरी आहे, हं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, थोरलीच्या हाताबद्दल तो असं कधी बोलला नव्हता. तिचं काम चांगलंच असणार हे त्यानं धरून ठेवलं होतं, भिंत उभी असणार हे आपण धरतो तसं. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कप विसळायला म्हणून ती उठली आणि नळाखाली एकच कप कितीतरी वेळ धूत राहिली. धुता धुता तिला जाणवलं की नवरा ते वाक्य दाराकडे बघून बोलला होता. धाकटी तर खिडकीपाशी होती.

३

त्यानंतर घरात दिवसभर धाकटीच्याच नावाचा धावा सुरू झाला.

"धाकटे, चाळणी कुठंय?" "ए धाकटे!" "वहिनी, धाकटी दिसली का?" दीर पुढच्या खोलीतून ओरडायचा, नवरा मागच्या. थोरली मधे. दोन्हीकडच्या हाका तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे जायच्या, आणि तिच्या नावाची त्यांत एकही नसायची. तिला कशाला कोण हाक मारील? ती काय, समोरच असायची.

एकदा दीर तणतणत आत आला. "गेली कुठं ही? मघापासून शोधतोय."

"मी इथंच आहे," धाकटी म्हणाली. ती थोरलीच्या शेजारी स्टुलावर बसून फरशांच्या कडा घासत होती.

दीर दचकला, मग ओशाळला. "अगं हो की. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

थोरलीला तो नवराबायकोचा लाडिकपणा वाटला. बायको डोळ्यांसमोर बसलेली असताना तिला शोधायचं सोंग करायचं, आणि तेही थोरल्या वहिनीच्या देखत! तिनं ब्रश इतका जोरात पाण्यात बुडवला की नकाशावर शिंतोडे उडाले. असं सोंग आपल्यासाठी कुणी करावं असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचा तिला संताप आला.

त्याच आठवड्यात धाकटीचा मोबाइल तिचा अंगठा ओळखेनासा झाला. ती बोट टेकवायची, पदराला पुसायची, पुन्हा टेकवायची.

"प्लास्टरनं रेघा झिजतात," थोरली म्हणाली. "माझ्यासुद्धा झिजल्यात."

"अशा?" म्हणत धाकटीनं हात पुढे केला.

बोटांवरच्याच नव्हे, तळहातावरच्याही रेघा गेल्या होत्या. आयुष्याची, डोक्याची, कुठलीच उरली नव्हती. तळवा पांढरट, सपाट, बारीक कागदानं घासून काढल्यासारखा. "मलम लाव रात्री," थोरलीनं सांगितलं आणि ती कामाला लागली. तिच्या मनात आलं ते एवढंच की इतके मऊ हात आपले कधीच नव्हते.

४

थोरली वर्षभर एका नव्या संचात बुडून गेली होती. नाव 'बुडालेला बाजार'. पाण्याखाली गेलेली एक अख्खी पेठ: शेवाळलेले तराजू, कलंडलेल्या टोपल्या, अर्धी उघडी राहिलेली गल्ल्याची फळी, आणि एका उंबऱ्यावर मांजराची पावलं, कधीकाळी ओल्या चुन्यात उमटून राहिलेली. आजवरचं तिचं सगळ्यात चांगलं काम होतं ते, आणि हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणजे खरं तर तीच तेवढी गरज होती. पहिली काही खोकी जुन्या, जाणत्या गिऱ्हाइकांकडे मत विचारायला म्हणून धाडली होती.

पहिलं खोकं परत आलं. उघडलं तर बाजार जिथल्या तिथं, एका फरशीचा टवकासुद्धा उडालेला नाही. भरतीचा कप्पा मात्र रिकामा होता, आणि त्या पोकळीमुळे सगळं खुळखुळत होतं.

दिरानं अभिप्राय वाचला. "'काम देखणं आहे, पण आता आम्हाला गरज उरली नाही. कोरी तेवढी ठेवून घेतली. कोपऱ्यात बसलेलीला अडचण नको म्हणून बाकीच्या परत करतो आहोत.'"

"बसलेली?" थोरली म्हणाली. "कोण बसलेली? एवढासा प्लास्टरचा तुकडा तो!"

"खेळकर लोक, वहिनी," दीर म्हणाला. या वेळी त्याला हसू आलं नाही. त्यानं संगणकावरची ती खिडकी बंद केली आणि उगाच टेबलावरच्या सुतळीचं टोक सोडवत बसला.

मग एकेक करून बाकीचे बाजारही परत आले. शेवटच्या खोक्याचा अभिप्राय फक्त एवढाच होता: 'ती बोलत नाही, पण आम्हाला चालतं.'

"काही दिवस बाजार थांबवू," नवरा म्हणाला. "सध्या कोऱ्याच जास्त काढू या."

"थांबवू म्हणजे?"

"म्हणजे लोकांना हवं ते देऊ. यात चिडायचं काय?"

"वर्ष घातलंय मी त्यात, वर्ष! आणि ती बादली खरवडून जे काढते ते लोकांना हवंय? मग मलाही टाका की मोडीत."

"हे बघ, तू शहाणी आहेस."

शहाण्या बायकांना हे वाक्य फार वेळा ऐकावं लागतं. थोरलीला रडू आलं, पण ते तिनं गिळलं, कारण रडलेलं बघायला त्याची नजर तिच्यावर नव्हतीच. तो मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा होता आणि धाकटीला हाका मारत होता.

५

मग थोरलीनं ठरवलं की कोरी तर कोरी. ब्रश कुठल्या बाजूनं धरायचा हे माहीत नसलेल्या पोरीला जे जमतं, ते आपल्याला न जमायला काय झालं?

काहीही नसलेली वस्तू मन लावून करणं हे सोपं काम नव्हे. तिनं प्लास्टर दोनदा चाळलं. बुडबुडा धरू नये म्हणून काठीनं सावकाश ढवळलं. नवा, सरळ तळाचा साचा घेतला, तो काचेवर ठेवून ओतला, आणि सुकल्यावर ओल्या फडक्यानं इतकं घासलं की हात फिरवला तर बोट घसरावं. अशा फरशा तिनं धाकटीच्या फरशांत बेमालूम मिसळल्या. कुणाला सांगितलं नाही. कौतुक आलं की मग सांगायचं, सगळ्यांसमोर, चहा ओतता ओतता.

सोमवारी दीर वाचायला लागला आणि मधेच थांबला.

"काय झालं? वाचा की," थोरली म्हणाली.

"'या वेळची कोरी फरशी म्हणजे नुसतं प्लास्टर आहे. पाठवण्यात चूक झाली का? आत कुणी नाही.'" त्यानं पुढचा उघडला. "'आम्ही पुष्कळ हाका मारून पाहिल्या. शेवटी फोडून पाहिली.'"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. लाजेनं तिचे कान तापले, आणि कुणालाही काही कळलेलं नव्हतं तरी आपली चोरी पकडली गेल्यासारखी ती उठून मधल्या खोलीत गेली. दार लावून तिनं दोन फरशा शेजारी शेजारी ठेवल्या, एक तिची आणि एक धाकटीची. ओळखतात कशावरून हे लोक? भिंग घेऊन तिनं कडा पाहिल्या, पाठ पाहिली. तिचीच उजवी होती. धाकटीच्या फरशीला एका कडेला बुडबुड्याचं भोक होतं, पृष्ठभागसुद्धा सारखा नव्हता. तिनं दोन्हींचा वास घेतला. दोन्हींना प्लास्टरचाच वास होता.

समाधानानं तिनं भिंग खाली ठेवलं आणि दिवा जरा बाजूला ओढला. दिव्याचा उजेड तिरपा झाला तेव्हा, नजर उचलता उचलता, तिला असं वाटलं की धाकटीच्या फरशीवर, पलीकडच्या कोपऱ्यात, कुणीतरी पाय जवळ ओढून घेतले. वाटेतून जाणाऱ्याला जागा करून द्यावी तसे.

ती पुन्हा वाकली. पांढरं, कोरं, सपाट. डोळे शिणले की असं होतं, तिनं स्वतःला समजावलं, दिवसभर बारीक काम करणाऱ्याला नाही त्या हालचाली दिसतात. तिनं डोळ्यांत औषध घातलं. धाकटीची फरशी पालथी घातली आणि वर नकाशांचा गठ्ठा ठेवला. कशासाठी, ते मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे भाऊ माल पोचवायला बाहेर पडले. थोरली चपला काढून, पायांचा आवाज न करता मागच्या खोलीकडे गेली. काय करते ही बया एकटी असताना, ते एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं. मंत्र पुटपुटते का? प्लास्टरात काही मिसळते का?

दार लोटलेलंच होतं. आत पंखा घरघरत होता आणि नळ ठिबकत होता. प्लास्टरची पोती, बादली, टांगून ठेवलेली चाळणी, भिंतीशी ठेवलेलं स्टूल. धाकटी नव्हती. साचा तसाच, काठोकाठ भरलेला. थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "भरला साचा टाकून गेली कुठं ही?"

"ताई," धाकटी म्हणाली.

ती स्टुलावर होती. साचा तिच्या मांडीवर होता. ती कुठून आली नव्हती की हलली नव्हती. थोरलीची नजर दाराकडून खिडकीकडे तिच्या अंगावरूनच गेली होती, भिंतीवरून जाते तशी.

"तुम्हाला तरी दिसते ना मी?"

थोरली भ्याली. खरीखुरी भ्याली. "असं काय विचारतेस वेड्यासारखं?"

"मला हे काम नको आहे, ताई. तुम्ही सांगा ना त्यांना. मी बोललेलं कुणाला ऐकूच जात नाही. हे माझ्या अंगावरून हात नेऊन पलीकडचा दिवा लावतात. काल रात्री तुम्ही माझं ताट वाढलं नाहीत."

"विसरले असेन."

"परवाही नाही वाढलंत."

थोरलीला आठवलं. ताटं मांडली होती, सगळे जेवले होते, आणि कुणाची उणीव अशी भासली नव्हती. ती एक पाऊल पुढे आली. त्या वेळी तिनं साचा उचलून मोरीत ओतला असता, धाकटीला हाताला धरून उजेडात नेलं असतं, तर काही बिघडलं नसतं. तिच्या मनात ते आलंही होतं.

पण धाकटीनं खाली बघितलं. "इथं बसलं की मात्र बघतात," ती हळूच म्हणाली.

"कोण?"

"इतकं मन लावून बघतात, ताई. माझ्याकडे असं कधीच कुणी बघितलं नव्हतं." बोलताना तिचा आवाज कापत होता. पण त्या कापण्यात लाजही होती, आणि त्या लाजेत सुख होतं. ते सुख थोरलीनं अचूक टिपलं. झिजलेल्या पायरीवरून वर्दळ ओळखणारी बाई ती, तिच्या नजरेतून काय सुटणार?

भीती आली तशी गेली आणि तिच्या जागी ते जुनं, ओळखीचं दुखणं येऊन बसलं. "दिवसभर घर तुझ्या नावानं कोकलतंय, आणि तू म्हणतेस कुणी बघत नाही? ऊठ."

"नको, ताई."

"ऊठ म्हणते ना! आजपासून भरतीला मी बसणार."

धाकटी उठली. नको म्हणणाऱ्या माणसाच्या मानानं फारच चटकन उठली.

७

प्लास्टर थिजताना गरम होतं. साचा मांडीवर घेतल्यावर ती ऊब आधी हातांना लागली, मग मांड्यांना, मग पोटापर्यंत आली. थोरली खाली बघत होती. ओल्या प्लास्टरमध्ये प्रतिबिंब पडत नाही, ते दुधाळ असतं, उजेड पिऊन टाकतं. त्यामुळे पुढे जे दिसलं ते प्रतिबिंब नव्हतं, एवढं तरी ती कारागीर म्हणून सांगू शकली असती.

आधी नुसतं पांढरं होतं. मग त्या पांढऱ्याच्या कडा लांब जाऊ लागल्या. एखाद्या मोठ्या, रिकाम्या दालनाच्या मधोमध बसल्यासारखं वाटलं, आणि फरशी चारी बाजूंनी पसरत कुठंतरी संपत होती. ती जिथं संपत होती त्याच्या पलीकडे, वरच्या बाजूला, माणसं होती. कोपरं टेकून, ओणवी होऊन, गोल करून बसलेली. दिवा त्यांच्या पाठीमागे असावा, चेहरे काळे दिसत होते. ती बघत होती. कुणी बोलत नव्हतं, कुणाची पापणी लवत नव्हती. त्या गोलात एक खुर्ची रिकामी होती, आणि ती जरा मागे ओढून ठेवलेली होती, येणाऱ्याला बसायला सोपं जावं म्हणून.

त्यांच्यातलं एकजण आणखी खाली वाकलं. ओठ हलले. आवाज आला नाही, शब्दही कळला नाही, पण कुणाला बोलावताना ओठ होतात तसे ते होते.

साचा फेकून पळावं असं थोरलीला वाटलं. तिचे हात तसे हललेही, आणि प्लास्टर एका कडेला चढलं. पण तिच्या आयुष्यात इतकी माणसं एकाच वेळी, इतक्या आतुरतेनं कधी तिची वाट बघत बसली नव्हती. तिनं साचा पुन्हा पातळीत आणला. धाकटी इथं मान खाली घालून बसली असणार. थोरलीला ते कुठून जमायला? तिनं मान वर केली आणि एकेकाकडे नीट बघून घेतलं.

मग ते थिजलं. मांडीवर एक सपाट, पांढरा, कोमट तुकडा होता.

त्यानंतर ती रोज बसली. बाजाराच्या फरशा मधल्या खोलीत तशाच पडून होत्या. तिथं आता धाकटी बसायची, आणि रंगवायचीही. तिच्या गालांवर रंग आला होता, पुढच्या खोलीतून दिराचं गुणगुणणं ऐकू यायचं, दोघांचं हसणं ऐकू यायचं. एकदा जाता जाता थोरलीनं बघितलं, धाकटी मांजराच्या पावलांना चक्क निळा रंग देत होती. एरवी तिनं आकाशपाताळ एक केलं असतं. त्या दिवशी तिला नुसतं लवकर मागच्या खोलीत जायचं होतं.

८

सोमवारी चहा झाला. थोरली तिच्या नेहमीच्या खुर्चीत होती, धाकटी तिथंच समोर फरशी रंगवत बसली होती. दीर संगणकापुढे बसला, त्यानं एक अभिप्राय मनातल्या मनात वाचला, आणि तो ताठ झाला.

"दादा, ऐक. 'आधीची मान खाली घालून बसायची. ही वर बघते. काय डोळे आहेत! टेबलाभोवतीचा प्रत्येकजण म्हणतो की ती माझ्याकडेच बघत होती.'"

थोरलीनं कपात बघितलं.

"हे दुसरं. 'आजवर अशी फरशी आली नव्हती. आता आम्ही पुरे झालो.' आणि हे बघ. 'ज्यांनी ही घडवली त्या बाईंना आमचा निरोप सांगा. त्यांची जागा आम्ही धरून ठेवली आहे.'"

"वहिनींनी केलेली ती!" दीर ओरडला. "या खेपेच्या सगळ्या वहिनींनीच ओतल्यात!"

नवरा उठला. इतक्या घाईनं उठला की त्याचा चहा सांडला. "अगं, ऐकलंस का? अगं ए!" तो मधल्या खोलीत गेला. तिथून मागच्या खोलीत गेला. पंख्याच्या घरघरीवरून त्याचा आवाज येत राहिला. "अगं, कुठं आहेस? लोक काय म्हणतायत बघ तरी!"

"वहिनी!" दीर अंगणात जाऊन ओरडला. "अहो वहिनी!"

थोरलीच्या अंगावर सुखाचा काटा आला. नवरा पुन्हा पुढच्या खोलीत आला, धापा टाकत, केस विस्कटलेले. इतक्या वर्षांत त्याचा असा चेहरा तिनं पाहिला नव्हता. त्यानं तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि धाकटीला विचारलं, "तुझी ताई दिसली का गं?"

धाकटीच्या हातात ब्रश होता. तिनं डोळे उचलले आणि ती थेट खुर्चीकडे बघत राहिली. चांगला बराच वेळ बघत राहिली.

"नाही बाई," ती म्हणाली. "मला नाही दिसल्या." आणि तिनं ब्रश पाण्यात बुडवला.

थोरलीला तिचा रागसुद्धा आला नाही. जळू दे बिचारीला. दोन्हीकडच्या हाका आता थोरलीच्याच नावाच्या होत्या. नवऱ्याच्या आवाजात काळजी आली होती, मग भीती आली, आणि तो पुन्हा एकदा तिला बोलवत घरात शिरला. सगळं घर तिला शोधत होतं. आणखी एकदा हाक मारू दे, मग ओ देऊ, असं तिनं ठरवलं. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की आपला घसा दुखतोय. ओ ती केव्हाची देत होती.